चार वाजताचा सर्व्हर

धाकट्या भावाला संभाजीनगरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्याच्या अंगात दुपारी चार ते पाच एवढीच ताकद असायची. तेवढा तास तो मोबाइलवर गेम खेळायचा. ठोकळ्यांचं जग, त्यात आम्ही दोघांनी धामणगाव बढ्याचं आमचं शेत विहिरीसकट उभं केलं होतं. हे जग घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर ठेव, दोघांनाही त्यात शिरता यावं म्हणून तो सर्व्हर कायम चालू असू दे, असा त्याचा हट्ट होता.

विंडोज टाकायची की लिनक्स, यावरून फोनवर आमची चांगलीच जुंपली. "लिनक्स टाक ताई," तो म्हणाला. "विंडोज अपडेट आलं की आपल्या मनानं बंद होते." मी गावात कॉम्प्युटर क्लास चालवते, पोरांना विंडोजच शिकवते. मला यानं अक्कल शिकवावी? काळ्या पडद्यावर कमांडा टाइप करत बसायला मला वेळ नाही, असं फटकारलं आणि विंडोज टाकली. खरी गोष्ट अशी की लिनक्स मला येत नव्हती आणि धाकट्याकडून शिकायची लाज वाटत होती.

विंडोजचं अपडेट पाच आठवडे थांबवून ठेवता येतं. ते थांबवलं आणि त्याला ऐटीत सांगितलं. पाच आठवड्यांनी काय, असं त्यानं विचारलं. तोवर तू घरी येशील, म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं. आता औषधानं काही होणार नव्हतं. बाबांनी मला अंगणात उभ्या उभ्या सांगितलं आणि आईला मी सांगितलं. त्याला कळू द्यायचं नाही, हे आम्ही ठरवलं नाही. आमच्याकडे ते ठरलेलंच असतं. सगळ्या नातेवाइकांना तंबी देण्याचं काम मी घेतलं. फोनवर रडायचं नाही, घोळक्यानं भेटायला जायचं नाही, आत्यानं उगाच गोड बोलायचं नाही, सगळं रोजच्यासारखं. आई रोजच्यासारखी जेवणावरून त्याला रागवायची आणि फोन ठेवला की ओट्याला धरून उभी राहायची. कोण कधी घसरेल या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला होता. त्याचा फोन कुणीही उचलला, तरी मी शेजारी जाऊन उभी राहायची.

पाचवा आठवडा संपला. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात अपडेटचा नारिंगी ठिपका दिसायला लागला. बघू नंतर, म्हणून मी दोनदा ती सूचना बंद केली. तो मात्र त्या दिवसांत खेळताना बोलेनासा झाला होता. गेममधल्या विहिरीच्या काठावर नुसता उभा राहायचा.

एके दिवशी चारला क्लासवरून आले, तर पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. तीस टक्के. बऱ्याच वेळानं बत्तीस. त्याचा तो एकच तास चालला होता आणि मला काहीही करता येत नव्हतं.

साडेचारला फोन वाजला. सर्व्हर काऊन बंद आहे, त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता. मी घाईघाईनं सांगून टाकलं, की अपडेट आलं, तू म्हणत होतास तेच झालं, तुझंच बरोबर होतं, माझं चुकलं, आजच लिनक्स टाकते, तू सांगशील तशी टाकते.

पलीकडून दवाखान्यातली कसली तरी ट्रॉली गेल्याचा आवाज आला.

"तू तं कधी माह्यं खरं म्हणत नाहीस," तो म्हणाला. "डॉक्टरनं काय सांगतलं वं ताई?"

काही नाही, असं मी म्हटलं. पण म्हणेपर्यंत बराच वेळ गेला होता.

"बरं," तो म्हणाला. "मले समजलं हे आईले सांगू नको."