राजेआजींची पिशवी आणि मुक्ताचं स्पॅनिश

आमच्या मुलीला स्पॅनिश यावं म्हणून आम्ही तिला स्पेनला पाठवलं आणि ती उत्तम मराठी बोलत परत आली. यात स्पेनचा काही दोष नाही. दोष एका पिशवीचा होता, आणि ती पिशवी मी दिली होती.

ही गोष्ट नोएडात मेट्रो यायच्या आधीची. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा आमच्या सेक्टरात सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या आणि रस्ते मागाहून येणार होते. (आले. तोवर गाडीचे दोन क्लच गेले.) शाळाही नव्या कोऱ्या. आमच्या मुक्ताच्या शाळेत घोडे होते, पोहण्याचा तलाव होता आणि परदेशी भाषा होत्या. फ्रेंच सगळेच घेतात म्हणून मुक्ताने स्पॅनिश घेतलं आणि ते तिला मनापासून आवडलं. तिचं मराठी मात्र तोवर पार दिल्लीवासी झालं होतं. "आई, मी नहाऊन येते, तोपर्यंत तू रोट्या सेकून ठेव," असं ती म्हणायची आणि आम्हाला ते कळायचं, हे त्याहून वाईट.

अकरावीत तिने जाहीर केलं की कॉलेजातही स्पॅनिशच घेणार. मी फरीदाबादच्या कारखान्यात इंजिनियर. आमच्या घराण्यात भाषा बोलतात, त्यात डिग्री घेत नाहीत. बरीच रडारड झाली. शेवटी तह झाला. शाळा अकरावीच्या मुलांना दोन आठवडे स्पेनला नेणार होती आणि परत आल्यावर सगळ्या पालकांसमोर तोंडी परीक्षा होती.

"त्यात पहिल्या तिघांत आलीस तर घे स्पॅनिश," मी म्हणालो. "नाहीतर मुकाट्याने इंजिनियरिंगच्या क्लासला जायचं."

"प्रॉमिस?"

"बिल्कुल!"

स्पॅनिशच्या खुराना मॅडमनी पालकांची मीटिंग घेतली. एकेका मुलाने एकेका स्पॅनिश कुटुंबात राहायचं, तिथलंच खायचं, तिथलंच बोलायचं. घरी फोन नाही, आपलं जेवण नाही, आपल्या भाषेतला एक शब्द नाही.

"देखिए पेरेंट्स, बच्चे को भाषा में डुबोना है," मॅडम म्हणाल्या. "पूरा डुबोना है!"

"मॅडम, निकालोगे भी ना?" मागून एका वडिलांनी काळजीने विचारलं.

मी मात्र सगळ्यात जोरात मान हलवली. घरी येऊन वर्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं पटवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो. पण तिथे आपलं कुणी आहे का?"

हा प्रश्न मराठी बाई चंद्रावर जाणाऱ्याच्या आईलाही विचारेल. मी म्हटलं, "अगं, कुणी नसावं म्हणूनच तर पाठवतोय!" पण वर्षाने कुठेतरी वाचलं होतं की स्पेनमध्ये स्वयंपाकघरात डुकराची अख्खी तंगडी टांगलेली असते. त्यानंतर आमच्या घरात त्या तंगडीशिवाय विषय निघेना.

त्या रविवारी आम्ही दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये साबुदाणा वडा खायला गेलो होतो. नोएडातला मराठी माणूस महिन्यातून एकदा तिथे गेला नाही तर त्याला चुकल्यासारखं होतं. रांगेत वर्षा तंगडीबद्दलच बोलत होती. इतक्यात मागून आवाज आला, "मूळचे कुठले?"

दिल्लीत हा प्रश्न आला की समजायचं, आपली सुटका नाही. पहिल्या प्रश्नात गाव, दुसऱ्यात आळी आणि तिसऱ्यात समोरच्याची मावशी आपल्या आत्याची वर्गमैत्रीण निघते. हे गोडबोले होते. फरीदाबादलाच राहणारे. कंपनीने त्यांना काही वर्षं स्पेनला ठेवलं होतं, त्यामुळे स्पॅनिश फाडफाड!

"कुठल्या गावी चाललीये मुलगी? तोलेदो? अहो, मग काळजी कसली? तोलेदोत आपले राजे आहेत की!"

राजे माद्रिदला नोकरी करायचे आणि तोलेदोला राहायचे, कारण तिथे घरं परवडतात. म्हणजे ते त्यांचं नोएडाच! शिवाय त्यांची साताऱ्याची आई सध्या तिथे राहायला आली होती. गोडबोल्यांनी तिथल्या तिथे नॅपकिनवर नंबर लिहून दिला. वर्षाने वड्याकडे न बघता तो नंबर पर्समध्ये टाकला.

मी त्याच दिवशी फोन केला. फक्त ओळख असावी म्हणून. राजेआजींनी फोन उचलला आणि माझं 'नमस्कार' पूर्ण व्हायच्या आत म्हणाल्या, "अहो, किती दिवसांनी मराठी ऐकतेय! मुलगा-सून सकाळी जातात ते रात्री येतात. दिवसभर मी आणि तो टीव्ही. तोही मेला स्पॅनिश!"

आता इतकं झाल्यावर माणूस काय म्हणतो? "आजी, इथून काही पाठवू का?" असंच म्हणतो. म्हणायची पद्धत आहे. त्यावर पलीकडच्याने "छे छे, कशाला!" म्हणायची पद्धत आहे. आजींनी ती पाळली नाही. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि कैरीचं लोणचं, अशी पिशवी मुक्ताच्या बॅगेत गेली.

"बाबा, मला वहाँ मराठी बोलायचंच नाहीये!" मुक्ता कळवळून म्हणाली. "मॅडमना कळलं तर? माझी ओरल आहे, यार!"

"अगं, आत जायचंच नाही. दारातून पिशवी द्यायची आणि उलट्या पावली परत!"

मराठी घराच्या दारातून कुणी पिशवी देऊन उलट्या पावली परत आल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. तरी हे वाक्य मी अत्यंत आत्मविश्वासाने उच्चारलं.

तिसऱ्या दिवशी आजींचा फोन आला. (घरी फोन करायला बंदी मुक्ताला होती, आजींना नव्हती.) "पिशवी मिळाली हो! गुणी आहे मुलगी. नको नको म्हणत होती, पण उपाशी कशी पाठवू? ती जिच्याकडे उतरलीये ना, ती पिलार, तीही आली होती सोडायला. दोघींना थालीपीठ वाढलं."

वर्षाच्या जिवात जीव आला. मी कॅलेंडरवर परीक्षेची तारीख बघितली.

चौथ्या दिवशी पिठलं-भात. पाचव्या दिवशी आमटी. सहाव्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "आजी, रागावू नका, पण तिला जरा स्पॅनिश लोकांत राहू द्या ना. परीक्षा आहे तिची."

"अहो, मी कुठे धरून ठेवलंय? ती पिलारच रोज चार वाजता मुक्ताला घेऊन येऊन बसते! लोणच्याची फोड चोखत बसते हो बाई! काल म्हणाली, 'आजी, अजून एक.' मराठीत!"

म्हणजे मी मुलीला स्पॅनिशमध्ये बुडवायला पाठवलं होतं आणि इकडे एक धडधाकट स्पॅनिश बाई मराठीत बुडत होती! मी खुराना मॅडमना फोन करायचं ठरवलं आणि काय सांगायचं ते न सुचल्यामुळे रद्द केलं. वर्षाला म्हटलं, "हे सगळं तुझ्या त्या तंगडीमुळे!" ती म्हणाली, "नंबर कुणी फिरवला?"

परत येण्याच्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. बाकीची मुलं बाहेर पडताना एकमेकांशी चार-दोन शब्द का होईना, स्पॅनिशमध्ये बोलत होती. त्यांचे आईवडील धन्य होऊन बघत होते. मुक्ता ट्रॉली ढकलत आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, बाबा, किती वाळलात! आणि आई, तू कशाला उगाच हेलपाटा घातलास?"

हेलपाटा! हा शब्द आमच्या घरात नोएडाला आल्यापासून कुणी वापरला नव्हता. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही येणार होतं, पण वेगळ्या कारणाने.

गाडीत मी हळूच विचारलं, "स्पॅनिश कसं झालं गं?"

"काय होणार? रोज चार ते नऊ आजींकडे. सगळे म्युझियममध्ये गेले तेव्हा मी कांदा चिरत होते." मग तिचा आवाज एकदम चिरकला. "बाबा, तुम्हाला मी इंजिनियरच व्हायला हवी होते ना? मग सरळ सांगायचं. पिशवी कशाला दिलीत?"

मला खरोखर फार वाईट वाटलं. मी तह करताना मनातून थोडं तसं धरून चाललो होतो, हे खरं. पण असा विश्वासघात करायची माझी लायकी नाही हो! ठरवून काही बिघडवायला अक्कल लागते. मी तसं म्हणायला गेलो, तर वर्षा म्हणाली, "तुम्ही समोर बघून गाडी चालवा."

परीक्षेचा दिवस उजाडला. शाळेच्या हॉलमध्ये दोनेकशे खुर्च्या, आणि परीक्षक म्हणून दिल्लीतच राहणाऱ्या एक वयस्क स्पॅनिश बाई. पहिला मुलगा आला, म्युझियमवर पाठ केलेलं घडाघडा बोलला. बाईंनी मध्येच काहीतरी विचारलं. मुलगा थांबला, छताकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाला. दुसरी आली, किल्ल्यावर बोलली. बाईंनी विचारलं. ती गोड हसली, ती हसतच राहिली. असे आठ-दहा झाले. मग मुक्ताचं नाव पुकारलं. मी वर्षाचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला.

मुक्ता दोन वाक्यं बोलली. बाईंनी मध्येच विचारलं. मुक्ताने उत्तर दिलं. बाईंनी आणखी काही विचारलं, तर मुक्ताने बाईंनाच मध्ये तोडलं! बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मुक्ता हातवारे करायला लागली. बाईंनी आपला गुडघा दाबून दाखवला, मुक्ताने काहीतरी चोळायचा उपाय सांगितला. बाईंनी कपाळाला हात लावला, मुक्ताने मान डोलावली. मग दोघी एकदमच बोलायला लागल्या! खुराना मॅडम मध्ये शब्द घालायला बघत होत्या, त्यांना जागा मिळेना.

"ये क्या बात कर रही हैं?" मी शेजारी बसलेल्या दुसऱ्या टीचरना विचारलं.

"घुटनों की," त्या म्हणाल्या. "अभी बहू पे आ गई हैं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिलारला मराठी एवढंच येत होतं, 'आजी, अजून एक.' आजींना स्पॅनिश अजिबात नाही. आणि दोघींना एकमेकींना सांगायचं तर जन्माचं होतं! रोज चार ते नऊ आजींचे गुडघे पिलारला, पिलारची सून आजींना, आजींची सून पिलारला (हळू आवाजात) आणि लोणच्याची कृती दोन्हीकडून, हे सगळं मधे बसून कोण सांगत होतं? आमची मुक्ता! तिला स्पेनचा एक किल्ला माहीत नव्हता. पण तक्रार म्हणून जे काही माणसाला बोलावंसं वाटतं, ते सगळं तिला स्पॅनिशमध्ये येत होतं.

शेवटी तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि एक लांबलचक वाक्य बोलली. परीक्षक बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. खुराना मॅडम हसल्या. स्पॅनिश शिकणारी सगळी मुलं हसली. मी उभा राहून सगळ्यांना हात केला आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्यावर सगळे आणखी हसले, म्हणून मी आणखी टाळ्या वाजवल्या.

मुक्ता पहिली आली. मी शब्द पाळला, आणि खरं सांगायचं तर आनंदाने पाळला. गाडीत बसल्यावर म्हटलं, "शाब्बास! पण माझ्याबद्दल काय म्हणालीस गं?"

"ते मराठीत चांगलं नाही वाटणार, बाबा."

"हिंदीत सांग मग."

"हिंदीत तर बिल्कुल नाही!"

खुराना मॅडमना विचारलं, त्या हसत सुटल्या. तोलेदोला फोन लावला, आजींनी पिलारला बोलावलं, मुक्ताने तिला ते वाक्य ऐकवलं, पिलार फोनवरच हसून हसून बेजार झाली आणि म्हणाली, "जेवलात का?" एवढी आता तिची प्रगती होती.

शेवटी मी ठरवलं, बास! आपणच स्पॅनिश शिकायचं आणि छडा लावायचा. आमच्या घराजवळच एक संस्था होती. शिकवायला माद्रिदची बाई, वर्गात स्पॅनिशशिवाय एक शब्द चालत नाही. चौकशी करून आलो. पण मन रमेना. परक्या ठिकाणी कुठे जायचं, असं वाटलं. गोडबोल्यांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, मी असताना दुसरीकडे कशाला? रविवारी या!"

तेव्हापासून दर रविवारी मी फरीदाबादला जायला लागलो. वहिनी पोहे करायच्या, दुसऱ्यांदा चहा व्हायचा, निघताना त्या वर्षासाठी एक पिशवी द्यायच्या. एकदा परत आलो तर मुक्ताने विचारलं, "काय बाबा, इतके महिने झाले. किती आलं स्पॅनिश?"

मी म्हटलं, "गोडबोल्यांच्या मेव्हण्याचं लग्न ठरलं. मुलगी नाशिकची आहे."