लोणारच्या गाळाचा वरचा कप्पा

शिक्षिका निर्मलाबाईंनी शालिग्रामला पहिल्यांदा नीट पाहिलं ते बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या, त्यांच्या मुलींच्या शाळेच्या ओसरीवर. पोरी नाकाला ओढण्या लावून पळत होत्या आणि हा चाळिशीचा माणूस सडक्या वासाच्या लाकडी पेट्यांना टेकून ज्वारीची भाकर खात होता.

"भाऊ, घास उतरतो तरी कसा इथे?"

"सहा महिने हाच वास खाल्लाय, बाई. आता नुसती भाकर अळणी लागते."

छप्पन सालचा ऑक्टोबर होता. पुढच्या महिन्यात राज्यांची नवी वाटणी होणार होती. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहणार, लोणार मुंबई राज्यात जाणार. लोणारच्या सरोवराचा गाळ तपासणीसाठी उपसणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबांना त्याआधी काम गुंडाळायचं होतं. त्यांचा तळ बुऱ्हाणपूरच्या विश्रामगृहात होता, पण खानसाम्याने पेट्या आत येऊ दिल्या नाहीत. म्हणून ही घाण शाळेच्या माथी आली.

शालिग्राम गावातल्याच राजपुऱ्यातला विहिरी खोदणारा, साहेबांनी गाळ उपसायला नेलेला. पेटीतला एकेक कप्पा म्हणजे एकेक हात खोली, हे त्याने बाईंना समजावलं. करडा गाळ म्हणजे तेव्हा तळं भरलेलं, पांढरा खारट पापुद्रा म्हणजे आटलेलं. खोदणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे त्याने प्रत्येक थर जिभेला लावून पाहिला होता. हे ऐकून बाईंनी पदर नाकाला लावला.

"काठावर काळ्या दगडाचे थर बाहेरच्या बाजूला कललेत," तो म्हणाला. "कुणी साहेब म्हणतो खालून ज्वालामुखी फुटला, कुणी म्हणतो वरून दगड आदळला. गाळाला ते नाही ठाऊक. त्याला फक्त नंतरचं ठाऊक."

"आणि हे पहिले चार कप्पे रिकामे का?"

तो खाली बघायला लागला. "विहिरीची वरची माती आमी फेकूनच देतो, बाई. हात सवयीनं गेला. त्याच दिवशी साहेबाला सांगितलं, चूक माझी."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत साहेब आले. गालात पान, मागून शिपायाच्या हातात बादली. बादलीत तापीचा गाळ होता. तो लोणारचा वाटावा म्हणून साहेबांनी त्यात धुण्याचा सोडा ओतला, वर दोन नासकी अंडी फोडली आणि हाताला लागलेलं शाळेच्या पडद्याला पुसलं.

"घोट रे शालिग्राम. चारी कप्पे भर. वरच्या कचेरीत कोण चाटून बघणार आहे?"

"साहेब, कोरेच जाऊ द्या ना."

"कोरे गेले तर मी काय सांगू? उद्या खात्याच्या खलाशांची, कायम मजुरांची यादी जाते. तुझं नाव त्यात आहे. पक्की नोकरी, पेन्शन. जास्त डोकं नको लावू."

शालिग्रामने काठी घेतली. दोनदा ढवळलं. बादलीतून जी दुर्गंधी उठली तिच्यापुढे लोणारचा वास बाईंना स्वच्छ वाटला. मग त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून अंगणात थुंकला. दोनदा, तीनदा.

"हे लई घाण आहे, साहेब," तो म्हणाला आणि बादली उचलून गटारीत उलटी केली.

साहेब लाल झाले. "नोकरीवर पाणी सोडलंस, गाढवा!"

"सोडलं."

साहेब पानाची पिंक भिंतीवर टाकून शिपायाला घेऊन निघून गेले. तो लाल ओघळ बाईंनी स्वतः पाणी ओतून धुतला. मग वर्गातून दौत-टाक आणला.

"काय लिहू, भाऊ?"

"जे झालं तेच लिहा."

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'वरचा चार हात गाळ मजुराकडून चुकीने फेकला गेला.' शालिग्रामने खाली अंगठा उठवला आणि चिठ्ठी पहिल्या कप्प्यात खिळ्याने ठोकली. संध्याकाळी गाडीची वेळ झाली, तेव्हा पेट्या तशाच गेल्या. साहेबांनी झाकण उघडून पाहिलंसुद्धा नाही.

खलाशांच्या यादीत शालिग्रामचं नाव आलं नाही. आता तो साठीचा झालाय. राजपुऱ्यात लेकीकडे राहतो आणि रोज सकाळी केळीच्या वखारीत घडांवर पाला झाकायच्या कामाला जातो.