कापलेले दोन इंच

उस्ताद कधी हात मिळवत नसत, मनगट धरत. अंगठा आणि दोन बोटं मनगटाभोवती घालून जरासं दाबायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "चार इंची." म्हणजे या माणसाला चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर झेपेल. शिंपी नुसत्या नजरेने छातीचं माप घेतो ना, त्यातलाच प्रकार. पहिल्या भेटीत त्यांनी माझंही मनगट धरलं, दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्यासाठी पेनच बरा."

मी नगरला सरकारी कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर होतो. उस्तादांचं भिंगारच्या जुन्या बाजारात बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. निवडणूक लागली की जिल्ह्यातली परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा होतात. जमा होताना प्रत्येक हत्यार उघडून आत गोळी राहिलेली नाही ना हे बघायला उस्तादांना बोलावत. ते बघायचे आणि मी नोंद करायचो. आमची ओळख अशी झाली आणि पुढे चहाची झाली. माझा दर रविवार त्यांच्या दुकानात जाऊ लागला. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि परवान्याच्या टेबलावर बसायला ते कळावंही लागत नाही.

जन्मभर बार ऐकून उस्तादांचे कान गेले होते. त्यामुळे त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे आणि तेही ओरडूनच उत्तर देत. अशा माणसाशी गुप्त गोष्ट बोलणं म्हणजे दवंडी पिटणं. एकदा एक वजनदार पुढारी हळूच कानाशी लागले. त्यांना रिव्हॉल्व्हरची नळी आखूड करून हवी होती, कंबरेला खोचता यावी म्हणून. उस्ताद अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असे म्हणाले, "नळी कापू? गुन्हा हाय तो! कमरेत बसत न्हाई तर पोट कमी करा की!" पुढारी गाडीत बसेपर्यंत समोरचा भांडीवाला हसत होता.

नळीच्या लांबीबद्दल मात्र ते गमतीने बोलत नसत. दुकानामागे विटांनी बांधलेला वाळूचा हौद होता, दुरुस्त केलेलं हत्यार तिथे चालवून बघायची त्यांना परवानगी होती. मला समजावं म्हणून एकदा त्यांनी भिजवलेल्या रद्दीचे गठ्ठे हौदात एकामागे एक लावले. एकाच जातीची गोळी आधी लांब नळीतून मारली, मग आखूड नळीतून. लांब नळीची गोळी जिथे थांबली त्याच्या दोन गठ्ठे अलीकडेच आखूड नळीची थांबली. वर आवाज कानठळ्या बसवणारा आणि नळीच्या तोंडाशी हा एवढा जाळ.

"बारूद नळीत जळाली तर गोळीला ढकलती," ते म्हणाले. "नळी आखूड असली तर गोळी लवकर बाहेर पडती, मग उरलेली बारूद बाहेर जळती. ती काय कामाची? आन् पुढचं वजन गेल्यामुळं तोंड उडतं. बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की गाडी कशी उलाळती? तसं. मोठ्या बोअरला, म्हंजी जाड गोळीच्या हत्याराला, तर लईच. लोकांना वाटतं, लहान हत्यार म्हंजी हाताला सोपं. उलटं हाय."

म्हणून त्यांचा एक नियम होता. मोठ्या बोअरचं हत्यार दुरुस्त झालं की पहिला बार ते स्वतः काढत आणि मग मालकाला हौदापाशी उभं करत. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असली तरी एकच गोळी भरायची. मालकाने ती उडवायची, पुन्हा एकच भरायची. असं तीनदा. त्याशिवाय हत्यार हातात मिळत नसे, मग तो कोणीही असो. एका गोळीचं कारण विचारलं तर सांगत, "झटका नवा असला की मूठ ढिली पडती. हत्यार निसटतंय म्हनून मानूस घाबरून आवळतो, बोट चापावरच असतं, आन् दुसरी गोळी सुटती. कुटं सुटंल ते खुदा जाने. म्हनून दुसरी गोळी आत नकोच." मालक कुरकुरले, आम्हाला तोंडाने सांगा की, असं म्हणाले, तर उत्तर ठरलेलं असे, "मनगटाला सांगून कळत न्हाई."

राहात्याच्या बाजूला एक सुभेदार राहत. फौजेतून निवृत्त होऊन शेती करत होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पाठ ताठ. त्यांच्याकडे वडिलांपासून आलेलं मोठ्या बोअरचं, सहा इंची नळीचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. उस्तादांच्या दुकानात त्यांच्याइतका मान कोणालाच नव्हता. उस्तादांच्या वडिलांना छावणीतलं पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं होतं, असं उस्ताद सांगत. सुभेदार आले की ते खुर्ची पुसून देत आणि स्वतः उभे राहत. सुभेदारांच्या पत्नीला ते भाभी म्हणत. ईदला भाभींकडून बोरांचा डबा यायचा आणि चौदा एप्रिलला उस्तादांच्या घरून शीरखुर्मा राहात्याला जायचा. शीरखुर्मा त्या दिवसाचा नव्हे, हे सांगायला कोणी गेलं नाही.

एका पावसाळ्यात कुंभारमाशीने त्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत मातीचं घर केलं. सुभेदारांनी न बघता बार काढला. नशीब चांगलं म्हणून नळी फुटली नाही, नुसती तोंडाशी फुगली आणि चिरली. उस्तादांनी तपासून सांगितलं की पुढचे दोन इंच कापल्याशिवाय हे हत्यार पुन्हा वापरता येणार नाही. परवानगीशिवाय नळी कापायची नसते, म्हणून रीतसर अर्ज झाला. कागद माझ्याच टेबलावरून गेले. मंजुरी आली, उस्तादांनी नळी कापली, तोंड घासून घोटून नीट केलं, नेम धरायचा खुंट नव्याने बसवला. काम असं की कापलेलं आहे हे सांगूनही कळू नये.

हत्यार परत द्यायचं तो रविवार होता. मी होतो, सुभेदार होते, भाभीही आल्या होत्या. त्यांना भिंगारमध्ये बांगड्या भरायच्या होत्या. उस्तादांनी रिवाजाप्रमाणे पहिला बार स्वतः काढला. दोन्ही हातांनी धरूनसुद्धा त्यांचे हात कपाळापर्यंत गेले. ते जरा वेळ मनगट चोळत उभे राहिले, मग सुभेदारांकडे वळून म्हणाले, "सायेब, हिचा राग वाढलाय. या, तीन बार काढा."

सुभेदार हसले. "उस्ताद, पन्नास वर्सं चालवतोय मी हिला. गोळ्या उरल्यात सातच. ह्या बोअरच्या आता मिळत बी न्हाईत."

उस्ताद घुटमळले. मी सांगतो, ते घुटमळले. त्यांच्या हातात एक गोळी होती आणि ती पुढे करावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. त्या वेळी मी बोललो. मला काय गरज होती? पण चहा आला होता, ऊन चढलं होतं, आणि फौजेतल्या म्हाताऱ्या माणसाला शाळकरी पोरासारखं उभं करायचं हे मला बरं दिसेना. मी उस्तादांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अहो, सुभेदारांना काय शिकवताय! गोळ्या कशाला वाया घालवता? चला, चहा निवतोय."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, सुभेदारांकडे बघितलं आणि गोळी डबीत परत टाकली. "दोन्ही हातांनी धरा, सायेब," एवढं ते तोंडाने म्हणाले. सुभेदारांनी मान हलवली. आम्ही चहा प्यायलो. भाभींनी हिरव्या बांगड्या दाखवल्या.

त्यानंतर तीन महिने झाले असतील. आमच्याकडे उसात बिबट्या असणं ही काही बातमी राहिलेली नाही. सुभेदारांच्या वस्तीवर दिवस मावळायच्या सुमाराला शेळ्या ओरडायला लागल्या. भाभी स्टीलचं ताट आणि पळी घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि ताट बडवायला लागल्या. सुभेदार रिव्हॉल्व्हर घेऊन अंगणात, भाभींच्या पुढे, उसाकडे तोंड करून उभे राहिले. बिबट्याला हुसकावायचं म्हणून त्यांनी हात वर करून हवेत बार काढला. एका हाताने, पन्नास वर्षं काढत आले तसाच. नळी उलाळली आणि खांद्यावरून मागे गेली. मूठ ढिली पडली, त्यांनी ती आवळली, आणि दुसरी गोळी सुटली.

ताटाचा आवाज थांबला म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. भाभी दवाखान्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत.

अपघात, अशी नोंद झाली. उस्तादांना जबाबाला बोलावलं. त्यांनी विचारलं त्यापेक्षा जास्त सांगितलं, पण लिहिणाऱ्याला कामापुरतंच हवं होतं. परवानगी होती का? होती. काम नीट होतं का? होतं. संपलं. चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. कचेरी भरलेली होती.

"भाऊसाहेब, माझं नाव लिहा," ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले. "तीन बार काढायला लावले न्हाईत मी. चूक माझी हाय. कुटं लिहायचं ते दाखवा, मी सही करतो."

सगळे मान वर करून बघत होते. मी त्यांना बाहेर नेलं. तुमचा नियम तुमचा आहे, कायद्यात तो कुठेच नाही, फाईल स्वच्छ आहे, असं त्यांना समजावलं. फाईल स्वच्छ असल्याचं मी दोनदा सांगितलं. त्या चहाचा विषय मी काढला नाही.

मग ते राहात्याला गेले. भाभींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मीही तिथे होतो. सुभेदारांच्या पायाशी बसून ते म्हणाले, "सायेब, मला शिव्या द्या." सुभेदारांनी त्यांना उठवून शेजारी बसवलं. स्वतः आत जाऊन पाणी आणलं. "उस्ताद, हात माझा हुता," ते म्हणाले. "तुमी सांगितलं हुतं, दोन्ही हातांनी धरा. मीच धरलं न्हाई. तुमचा काय दोष? काम तुमचं लई चोख हुतं." उस्तादांना त्या दिवशी एक कानफटात मिळाली असती तर ते कदाचित वाचले असते. सुभेदारांनी पाणी दिलं.

उस्तादांनी दुकानाचा परवाना परत केला. मीच तो घेतला, पोच दिली. त्यानंतर कोणी भेटलं तरी ते हात मागे बांधून उभे राहत. मुलगा सांगायचा, घरात बसल्या बसल्या हात वर करतात आणि खांद्यामागे बघतात. सुभेदार सहा महिन्यांत गेले. उस्तादांनी जेवण जवळपास सोडलं. डॉक्टरांना कसलाही आजार सापडला नाही.

मी शेवटचा गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. दुपार होती. दार उघडं, गल्लीत बायका डाळ निवडत बसलेल्या, आत सून भाकरी थापत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊसाहेब, तुमी हुतात ना त्या दिवशी? मी गोळी काढली हुती हातात. हे मला आठवतंय. मग मी ती परत का ठेवली हो? लई आठवून बघतो, पर तेवढंच येत न्हाई. मी कधीच सोडलं न्हाई कुनाला. मग सायबाला का सोडलं?"

तो दिवस त्यांनी मनात इतक्या वेळा उगाळला होता की त्यातला मी झिजून गेलो होतो. आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. मलाही तेच वाटतं, रोज वाटतं. त्या माणसाला एकच गोष्ट हवी होती. दोषाचा निम्मा भाग उचलणारं कोणीतरी. आणि तो निम्मा भाग माझाच होता. पण उस्तादांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागे. सुनेला ऐकू गेलं असतं, डाळ निवडणाऱ्या बायकांना ऐकू गेलं असतं, संध्याकाळपर्यंत भिंगारभर झालं असतं. चहा निवतोय हे सांगताना माझा आवाज चांगला लागला होता. त्या दुपारी मी तो लावला नाही.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठ वाचायला.

मी नुसती मान हलवली. नाही आठवत.

"खुदा जाने," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आठवड्याने त्यांना दफन केलं. मी तीन मुठी माती टाकली आणि घरी आलो.