मानद जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंना हसू आवरत नाही. विनोदाला हसणं वेगळं. यांची पंचाईत अशी, की भीती वाटली, अवघडल्यासारखं झालं किंवा समोरचा माणूस फार गंभीर चेहरा करून बोलायला लागला, की यांच्या पोटातून हसू उकळून वर येतं. स्वतःच्या लग्नाच्या कागदांवर सही करताना त्या इतक्या हसल्या म्हणे, की अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवून विचारलं, "बाई, तुम्ही राजीखुशीनं करताय ना?"

जाऊबाई स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली त्यांचं छोटंसं प्रसूतिगृह आहे. बाहेरच्या टेबलावर मी बसते. फोन घ्यायचे, नंबर लावायचे आणि येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्यांना खुर्चीत बसवायचं, हे माझं काम. तिसरं सगळ्यात अवघड.

बाळंतपणाच्या खोलीत जाऊबाईंना हसू येत नाही. "हात कामात असले की ते वर यायला वाव मिळत नाही," असं त्या सांगतात.

तरुणपणी त्यांना शिकवायचं होतं. वैद्यकीय महाविद्यालयात अधिव्याख्यात्याची जागा निघाली, तेव्हा त्या मुलाखतीला गेल्या. समोर तज्ज्ञांची रांग. मधोमध एक भरघोस मिशांचे गृहस्थ. त्यांनी घसा खाकरून, अत्यंत गंभीरपणे प्रश्न टाकला, "समजा, मी कळा देत तुमच्या दारात आलो, तर तुम्ही आधी काय तपासाल?" त्यांना 'रुग्ण आली' म्हणायचं होतं, पण गेलं ते तोंडून गेलं. जाऊबाईंनी ओठ चावले, छताकडे बघितलं, बाहेर जाऊन पाणी पिऊन आल्या. परत येऊन बसतात तोच नजर मिशांवर पडली, आणि संपलंच सगळं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्यांनी पुन्हा कधी अर्ज केला नाही. आजही हा किस्सा त्या हसत हसत सांगतात, पण सांगून झाल्यावर उगीचच स्टेथोस्कोप पुसत बसतात. ते पुसणं घरात फक्त मोठे भाऊजी ओळखतात, म्हणजे त्यांचे यजमान, आणि हल्ली मी.

पुढे महाविद्यालयानं आपले विद्यार्थी आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली, छोट्या प्रसूतिगृहात काम कसं चालतं ते बघायला. जाऊबाई त्यांना जिन्यात उभ्या उभ्या शिकवायच्या, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. विद्यार्थी पायऱ्यांवर बसायचे आणि वर जाणाऱ्या सासूबाई त्यांच्यातून वाट काढत म्हणायच्या, "डॉक्टर, जरा पाय घ्या."

आणि एका सकाळी विभागप्रमुख बाई स्वतः आल्या. सडपातळ, नीटनेटक्या, इस्त्री केल्यासारखं बोलणाऱ्या. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. "विद्यापीठानं आमच्या विभागात तुम्हाला मानद अधिव्याख्याता म्हणून नेमायचं ठरवलं आहे," त्या म्हणाल्या. "आपली संमती आहे का?"

जाऊबाईंनी तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. विभागप्रमुख बाई शांतपणे थांबल्या. मग आणखी थांबल्या.

"हे मी 'हो' असं धरू का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"धरा, धरा!" मी टेबलामागून ओरडले.

वर जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "मानद म्हणजे काय गं?"

"म्हणजे मान देतात, आई," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि?"

"आणि गाडी लावायला जागा."

"पगार?"

"मान."

सासूबाईंनी आवाज पुन्हा मोठा केला. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी शेजारणीला, तिच्या बहिणीला आणि चुकून लागलेल्या एका फोनवरच्या अनोळखी माणसालाही सांगितलं होतं, की आमची सून विद्यापीठात शिकवते.

जाऊबाईंना मात्र रात्रंदिवस एकच चिंता. तिथं हसू आलं तर? त्यांनी स्वयंपाकघरात तालीम सुरू केली. ओट्याला पाठ लावून त्या प्रसूतीच्या अवस्था समजावायच्या आणि मी भाजी चिरत विद्यार्थी व्हायचे. सासूबाई दारातून म्हणायच्या, "दोन मुलगे काढलेत मी. एकदाही अवस्था बघितल्या नाहीत. नुसतं दुखलं." झालं, जाऊबाई ओट्यावर आडव्या.

तोडगा काढला मोठ्या भाऊजींनी. भाऊजी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना विणकामाचा नाद लागलाय. घरातल्या प्रत्येकाकडे त्यांचे मोजे आहेत, काही जोडीनं, काही एकएकटे. "अगं, तुझे हात मोकळे राहिले की तुला हसू येतं ना?" ते म्हणाले. "मग हातात काहीतरी दे. मी गर्भाशय विणतो."

भाऊजी एकदा हातात घेतलेलं सोडत नाहीत. गुलाबी लोकर आणली, पुस्तकातली चित्रं नकाशासारखी अभ्यासली आणि उजेड चांगला म्हणून ते खाली आमच्या प्रतीक्षाकक्षात येऊन विणायला बसले. पोटुशा बायकांच्या रांगेत मध्येच हा पांढऱ्या केसांचा माणूस, सुया टकटक वाजवत. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "नातवाला टोपी का, काका?"

"नाही, गर्भाशय आहे," भाऊजी वर न बघता म्हणाले. "सध्या तोंडापाशी आलोय."

ती बाई एक खुर्ची सोडून बसली.

पहिल्या तासाला जाऊबाईंनी मलाही ओढत नेलं. "एकटीला नको पाठवूस गं, माझे हात बघ कसे गार पडलेत." सभागृह उतरत्या बाकांचं होतं. आपण खाली तळाशी आणि वरपर्यंत नुसते चेहरे. पहिल्या रांगेत विभागप्रमुख बाई पाठ ताठ करून बसलेल्या. मी कडेच्या खुर्चीत शिरले आणि मनातल्या मनात म्हटलं, ताई, छताकडे बघू नका. छताकडे बघितलं की सुरू होतं.

त्यांनी छताकडे बघितलं.

"नमस्कार," त्या म्हणाल्या, आणि 'कार' हसण्यातच गेला. माइकवरून तो आवाज असा घुमला, की मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन् हसलं. मग मधल्या बाकांवर. जाऊबाईंनी डोळे पुसले, पुन्हा "नमस्कार" म्हटलं, पुन्हा तेच. विभागप्रमुख बाईंचा चेहरा तसाच, इस्त्रीचा.

मग जाऊबाईंनी पिशवीत हात घातला आणि ते गुलाबी गर्भाशय बाहेर काढून डोक्याच्या वर धरलं. आत कापडाचं बाळ होतं. आणि काय सांगू, त्यांचा आवाज एकदम बदलला. जिन्यातला झाला. "हे बघा. नऊ महिने हे तोंड घट्ट मिटून राहतं. कुणी कितीही घाई केली तरी उघडत नाही. आणि मग एक दिवस त्याला मऊ व्हावं लागतं. हे काम ढकलण्याचं नाही, वाट बघण्याचं आहे. तू, उंच मुला, खाली ये. तू कळ हो."

उंच मुलगा लाजत खाली आला. दोन्ही हातांनी वरून दाबायचं आणि सोडायचं, असं त्याला शिकवलं. वर्ग तालावर म्हणायला लागला, "कळ! सोड! कळ! सोड!" बाळ काही हलेना. भाऊजींनी तोंडाची वीण जरा जास्तच घट्ट घातली होती. जाऊबाई घाई करीनात. कडा बोटांनी सैल करत त्या समजावत राहिल्या, डोकं कसं वळतं, खांदा कधी सुटतो. मागच्या बाकांवरचे उभे राहून बघायला लागले. आणि उंच मुलानं जीव खाऊन एक शेवटची कळ दिली.

बाळ सुटलं ते थेट हवेत. गोल गिरकी घेऊन विभागप्रमुख बाईंच्या मांडीत पडलं.

बाईंनी बाळ उचललं, उलटंसुलटं करून नीट तपासलं आणि तशाच सपाट आवाजात म्हणाल्या, "अजून रडलं नाही."

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणणं कमीच आहे. बाकं हलली. उंच मुलगा जमिनीवर बसला. मला उचकी लागली. आणि गंमत म्हणजे, सगळ्या सभागृहात एकट्या जाऊबाईच हसत नव्हत्या. त्या बाळ परत मागत होत्या. "आणा इकडे, वार अजून आतच आहे!"

तास संपता संपता मधल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. बारीक आवाज, घट्ट वेणी. "मॅडम, तुम्हाला अजून भीती वाटते?"

"वाटते ना," जाऊबाई लगेच म्हणाल्या. "दर वेळी. पण भीती हातात ठेवायची नाही. बाईला कळते ती. बुटात ठेवायची. बुटात कुणी बघत नाही."

बऱ्याच जणांनी ते लिहून घेतलं.

परत येताना जाऊबाईंनी गाडीनं चौकातल्या गोलाला उगीचच दोन फेऱ्या मारल्या. मोठ्यानं काहीतरी बेसूर गात होत्या. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला. प्रसूतिगृहात शिरल्या त्या वाऱ्यासारख्या, आणि भरलेल्या प्रतीक्षाकक्षात नवऱ्याला बघून ओरडल्या, "अहो! तुमच्या गर्भाशयाचं तोंड फार घट्ट होतं!"

सगळ्या माना भाऊजींकडे वळल्या.

"दोन टाके उसवतो," भाऊजी म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

आता दर गुरुवारी सकाळी त्या जातात. मध्यंतरी महाविद्यालयाच्या रुग्णालयात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष बाळंतपण करायला द्यायची वेळ आली. घट्ट वेणीवाल्या मुलीचा नंबर होता. जाऊबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, स्वतःचे हात पाठीमागे एकमेकांत अडकवून. "तिच्यापेक्षा मलाच जास्त त्रास झाला," घरी आल्यावर त्या मला सांगत होत्या. "हात नुसते शिवशिवत होते गं."

पण मुलीनं घाई केली नाही. थांबली, डोक्याला आधार दिला, खांदा सोडवला, आणि बाळ तिच्या हातात आलं, ओलं, निळसर, आणि लगेच भोकाड पसरून लाल झालेलं. मुलगी जाऊबाईंकडे वळून किंचाळली, "मुलगी! मॅडम, मुलगी झाली!"

"मला काय सांगतेस?" जाऊबाई म्हणाल्या. "तिच्या आईला सांग."

पलंगावरची बाळंतीण घामानं निथळत होती. तिनं दोन्ही हात पुढे केले. "ऐकलं मी," ती म्हणाली. "अख्ख्या इमारतीनं ऐकलं. आता आण तिला इकडे."