दुपारी घरी जेवायला

कताकोलो हे ग्रीसमधलं आमचं बंदर म्हणजे एक रस्ता, दहा-पंधरा खानावळी आणि एक लांब धक्का. गावात सहाशे माणसं. उन्हाळ्यात सकाळी आठला धक्क्याला जे जहाज लागतं त्यात अडीच-तीन हजार असतात. ती सगळी एकदम खाली उतरतात आणि एकदमच विचारतात, ऑलिंपिया कुठे आहे. प्राचीन ऑलिंपिक खेळांचं ते ऑलिंपिया पस्तीस किलोमीटरवर आहे. मी सव्वीस वर्षं टॅक्सी चालवतोय आणि हे वाक्य मला आता झोपेतही सात भाषांत म्हणता येतं.

फालिया आधी इथल्या रेल्वे स्टेशनात तिकिटं द्यायची. गारिफालिया तिचं पूर्ण नाव, पण एवढं मोठं नाव बाप्तिस्म्याच्या दिवसानंतर कोणी घेतलं नाही. पुढे तिकिटं गाडीतच मिळायला लागली, खिडकी बंद झाली, आणि बाई घरी बसायच्याऐवजी फलाटावरच खुर्ची टाकून बसली. जहाजवाले येऊन विचारायचे, गाडीने जाऊन वेळेत परत येता येईल का? ती उरलेल्या तिकीटफॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांना दिवस आखून द्यायची. हळूहळू लोक आधीपासून पत्र पाठवून विचारायला लागले. टॅक्सी लागली की ती मला हाक मारायची. असा आमचा धंदा सुरू झाला.

तिची आखणी खालून वर चालायची. सर्वांत खाली आधी लिहायची : साडेचार, जहाजाच्या शिडीवर. मग त्याच्या वर : चार, बंदरात. त्याच्या वर : सव्वातीन, तिथून निघायचं. असं चढत चढत ती सकाळपर्यंत पोचायची, आणि वर पोचेपर्यंत माणसाला कळायचं की आपल्याला वाटत होता त्याच्या निम्माच दिवस आपल्याजवळ आहे. काही जण चिडायचे. पाच ठिकाणं मागणाऱ्यांना ती सरळ सांगायची की आठ तासांत माणूस तीन गोष्टी बघतो आणि चौथीचे नुसते फोटो काढतो, तेव्हा फोटोच हवे असतील तर समोरच्या दुकानात तयार मिळतात. एकदा एका जर्मन म्हाताऱ्याला ऑलिंपियाच्या मैदानात पळायचं होतं, आणि त्याचा गुडघा गेलेला. तिने कागदावर लिहिलं : नऊ वीस ते नऊ पस्तीस, पळणे. नऊ पस्तीस ते नऊ पन्नास, गुडघा. मी समोर उभा होतो. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. म्हाताऱ्याला बरोबर तेवढाच वेळ लागला.

एवढ्या वर्षांत तिच्या कागदावर चाललेल्या कोणाचंही जहाज चुकलं नाही. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवायची नाही.

तिचं घर बंदराच्या वर, तीन किलोमीटरवरच्या गावात. लग्न केलं नाही. बापाला सांभाळत राहिली. धाकटा भाऊ लाम्ब्रोस माझ्या वर्गातला. एकोणिसाव्या वर्षी टोरांटोला गेला तो तिकडचाच झाला. बाप वारला तेव्हा त्याला येता आलं नाही. हे फालियाने गिळलं. कामधंद्याच्या माणसाचं होतं असं कधीकधी. पण आमची दफनभूमी लहान आहे, तीन वर्षांनी कबर उघडून पुढच्यासाठी मोकळी करावी लागते. हाडं वाइनने धुऊन पेटीत ठेवायची, वर फोटो लावायचा, हे काम घरच्यांनी मिळून करायचं असतं. फालियाने भावासाठी तीनची पाच वर्षं केली. पाद्रीबाबांशी भांडली. दर ईस्टरला पत्र लिहायची की ये, तुझ्याशिवाय उघडत नाही. पाचव्या वर्षी त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, तुला योग्य वाटेल तसं कर. मग तिने एकटीने बापाला धुतलं आणि भावाशी बोलणं बंद केलं. सात वर्षं त्यांच्यात एक शब्द नाही.

आणि मग एका मे महिन्यात लाम्ब्रोसचं पत्र आलं. मुलीने आईबापांसाठी भूमध्य समुद्रातली सफर ठरवली होती. सहा जण येणार, तो, बायको, मुलगी, जावई, दोन नातवंडं. सप्टेंबरातल्या एका रविवारी जहाज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच कताकोलोत थांबणार. मुलांना ऑलिंपिया दाखवायचं आहे. आणि खाली, वेगळ्या शाईत लिहिलं होतं, ‘तू चालेल म्हणालीस तर घरीही येऊ.’

हे पत्र तिने मला तीनदा वाचायला दिलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, बाई, मला पाठ झालं. ती म्हणाली, मलाही झालंय, पण तुझ्या तोंडून ऐकताना त्याचा आवाज कसा असेल ते कळतं. एरवी ती असलं काही बोलणारी नव्हे.

उत्तराला तिने पंधरा दिवस लावले. मी तो कागद पाहिला आहे. वरचा भाग नेहमीसारखा : आठ वीसला उतरा, रांगेत पुढे राहा. नऊ पाच, ऑलिंपिया, आधी मैदान, उन्हं चढायच्या आत. दहा वाजता मोठ्या बसचे लोक येतात, तेव्हा तुम्ही म्युझियममध्ये शिरा. सव्वाअकराला बाहेर. इथपर्यंत मिनिटांनिशी. त्याच्या खाली एकच ओळ : ‘मग दुपारी घरी जेवायला.’

मी विचारलं, किती वाजता ते नाही लिहिलंस?

“घरच्या माणसाला वेळ लिहून देतात का रे?” ती म्हणाली. “तो काय गिऱ्हाईक आहे?”

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. आमच्याकडे दुपार म्हणजे तीनच्या अलीकडे-पलीकडे. बाराला कोणी भेटलं तर आम्ही अजून सकाळचाच नमस्कार करतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही.

त्या रविवारी माझ्या गाडीत स्पेनमधल्या बिल्बाओचे चौघे होते. नवऱ्यांना दगड बघायचे होते, बायकांना सावली. अकराच्या सुमारास म्युझियमच्या दारात मला लाम्ब्रोस दिसला. अर्धी चड्डी, पांढरी टोपी, पोट सुटलेलं, पण चालणं तेच, डावा पाय जरा बाहेर टाकत. बंदरावरच एक लाल गाडी भाड्याने घेतली होती त्याने. आम्ही मिठ्या मारल्या, एकमेकांच्या टकलांना नावं ठेवली. तो सारखा घड्याळ बघत होता. मी विचारलं, दुपारी फालियाकडे ना?

“हो, दुपारी तिच्याकडे,” तो म्हणाला. “थानासी, खरं सांग, रागावली आहे का रे अजून?”

मी म्हटलं, येऊन तर बघ. आणि माझे दगडवाले हाका मारत होते म्हणून निघालो. आम्ही दोघं ‘दुपारी’ म्हणालो, दोघांनी माना डोलावल्या, आणि मला काही खटकलं नाही. याची मला अजून टोचणी आहे.

फालिया त्या दिवशी बंदरावर गेली नव्हती. भावाला धक्क्यावर, प्रवाशांच्या गर्दीत भेटायचं नाही, घरात भेटायचं, असं तिने ठरवलेलं. घरात खुर्च्या चारच, म्हणून शेजारून तीन आणल्या. साडेअकराला करडाचं मटण आणि बटाटे परातीत रचून बेकरीच्या भट्टीत ठेवून आली. रविवारी सगळं गाव तिथेच भाजायला देतं. मग ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांची दारं लावली, पुढचं दार ओढून घेतलं आणि चालत बापाच्या जुन्या शेताकडे निघाली. तिथल्या झाडाची अंजिरं लाम्ब्रोसला आवडायची. शेत दोन किलोमीटर लांब. हातात भरपूर वेळ होता.

मी माझे चौघे जहाजाशी सोडले आणि सव्वातीनला कॉफीसाठी वर गेलो. मला वाटलं, रडारड उरकली असेल, आता गाणी चालू असतील. अंगणात पाय ठेवला तर शांत. आत सात ताटं मांडलेली, मटणाची परात पांढऱ्या फडक्याखाली, अंजिरं ताटलीत. फालिया चर्चला जायच्या निळ्या कपड्यांत खुर्चीच्या कडेवर बसली होती, कोणाच्या तरी घरी पाहुणी गेल्यासारखी.

“ऑलिंपियाहून येताना समुद्रावर पोरं रमली असतील,” ती म्हणाली. “येतीलच.”

मी म्हटलं, येतील. पण साडेचारला शिडी, हे तिला काय सांगायचं होतं? ती खालून वरच मोजत बसली असणार.

तेवढ्यात समोरची पानोरिया म्हातारी काठी टेकत आली. तिच्या नाकाला भाजलेल्या मटणाचा वास लागला होता. बसता बसता ती सहज म्हणाली, सकाळी तुझ्याकडे कोण गं ते परदेशी आले होते? चड्डीतला एक माणूस होता, लाल गाडी होती. बाराला आला तो पायरीवर बसून राहिला. पोरं कंटाळून रडायला लागली तेव्हा गेले. मला वाटलं, रस्ता चुकलेत.

फालिया उभी राहिली. तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही.

पायात घरातल्या सपाता होत्या, तशीच गाडीत बसली. पावणेचारला आम्ही बंदराच्या फाटकाशी होतो. त्याला शोधत समुद्रकिनारे फिरण्यात अर्थ नव्हता, जहाजावर जाणारा प्रत्येक जण याच फाटकातून जातो. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही बाहेर उभे राहिलो. तिच्या ओळखीचे दोघं-तिघं जुने प्रवासी तिने पोस्टाने पाठवलेले कागद हातात घेऊन परतत होते. एकाने थांबून आभार मानले. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

लाल गाडी चार दहाला आली. मुलांचे केस ओले. लाम्ब्रोस उतरला, त्याने तिला पाहिलं आणि दार उघडं टाकून तिथेच उभा राहिला. चाळीस वर्षांनी भेटणारी भावंडं. मला वाटलं, धावतील. कोणीच धावलं नाही. ती सपाता ओढत त्याच्यापर्यंत गेली.

“दार बंद होतं, फालिया,” तो म्हणाला. “खिडक्यासुद्धा.”

“उन्हाचं लावून घेते. सगळेच लावतात.”

“मी अर्धा तास बसलो. फोन केला. आत वाजताना मला पायरीवर ऐकू येत होता. मला वाटलं, तू आत आहेस आणि उचलत नाहीयेस. मला वाटलं, हेच तुझं उत्तर.”

“मी अंजिरं आणायला गेले होते.”

तो रडायला लागला, मोठा माणूस चारचौघांत रडतो तसा, तोंड वाकडं करून. तिने त्याच्या टोपीचं टोक सरळ केलं. मग ती म्हणाली, रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून :

“अरे, पण बारा वाजता कोण जेवतं, लाम्ब्रो?”

आणि तो डोळे पुसत, काही विचार न करता, म्हणाला, “आमच्याकडे जेवतात.”

फालियाचा हात टोपीवरून खाली आला. आमच्याकडे. त्याच्या तोंडून हा शब्द तिने जन्मभर ऐकला होता तो वरच्या गावातल्या त्या घरासाठी. लाम्ब्रोसलाही आपण काय बोललो ते कळलं असावं.

“बरं,” ती म्हणाली. “तुमच्याकडे जेवत असतील.”

मग तिने नातवंडांचे मुके घेतले. मुलांना आमची भाषा येत नव्हती, ती आईकडे बघत राहिली. भावजयीशी हात मिळवला. बाबांची पेटी दाखवायची होती, एवढंच भावाला म्हणाली, आणि तो म्हणाला, पुढच्या वेळी. दोघं जवळ उभे राहिले, तिचा हात त्याच्या मनगटावर. चार पंचवीसला तिनेच सांगितलं, चला, पाच मिनिटं राहिली, पोरांना वर चढायला वेळ लागतो. तो जायला तयार नव्हता. तिने त्याला फाटकाकडे वळवलं, जसं ती कुठल्याही रेंगाळणाऱ्या प्रवाशाला वळवायची.

जहाज सुटेपर्यंत ती थांबली नाही. मी गाडी वर घेतली.  मला वाटलं, त्या ‘आमच्याकडे’वर काही बोलेल, आणि मी त्याला चार शिव्या द्यायच्या तयारीत होतो. गावाच्या अलीकडच्या वळणावर ती म्हणाली :

“अर्धा तास बसला म्हणाला ना रे?”

मी हो म्हटलं.

“बाराला जेवायची सवय म्हणजे पोटात भुकेचा आगडोंब असणार त्याच्या. आणि पोरं बरोबर.” ती खिडकीबाहेर बघत होती. “माझ्या दारातून उपाशी गेला, थानासी. माझा भाऊ.”