सात दहाचा फोटो

असले अनुभव वाचताना आजवर माझ्या मनात एकच विचार यायचा — या माणसांना कामं नाहीत. मला आहेत. मी बावन्न वर्षांची, एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते, आणि ज्या मालासोबत चलन नाही तो माल आला असं मी मानत नाही. घरात देव आहेत ते सासूबाईंचे. तेव्हा हे मी लिहायला बसलेय याचं मलाच नवल वाटतंय... पण कोणाला तरी सांगायला हवं, आणि ओळखीच्या माणसांना सांगायची सोय नाही.

माझे वडील — आम्ही त्यांना नाना म्हणतो — एक्क्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून धायरीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. मी मांजरीला. म्हणजे एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधे सगळं पुणं. गेल्या वर्षी त्यांनी दोनदा गॅस चालू ठेवला. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं. मग मी नियम घालून दिला: सकाळचा चहा झाला की सिलिंडरचं बटण बंद करायचं आणि त्या बटणाचा फोटो काढायचा. पाठवायची भानगड नाही. त्यांच्या फोनमध्ये माझं खातं टाकून बॅकअप चालू करून दिला. फोटो काढला की आपोआप क्लाउडवर अपलोड व्हायचा आणि मला ऑफिसात दिसायचा.

“आता दात घासल्याचाही फोटो काढू का?” नाना म्हणाले.

“काढा. उरलेत किती तेही कळेल.”

“तुझ्या आईनेसुद्धा एवढा पहारा ठेवला नव्हता.”

“तिच्या वेळी तुम्ही गॅसपाशी फिरकत नव्हतात.”

पण माणूस शिस्तीचा. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोटो यायचा. लाल सिलिंडर, बंद बटण, कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याची कड. सिलिंडरवर खडूने तारीख — नवं सिलिंडर कधी लावलं ते नाना त्याच्यावरच लिहून ठेवतात.

चार महिन्यांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण मी तेवढं कारण पुरे मानलं. “मी तुझ्याकडे येत नाही,” ते म्हणाले. मी त्यांची बॅग भरत राहिले. त्यांना विचारलं नाही, हे खरं आहे. ते इथे लिहायलाच हवं. पुढच्या शनिवारी फ्लॅट आवरला, सिलिंडर आणि रेग्युलेटर स्वतः एजन्सीत नेऊन जमा केले आणि दाराला कुलूप लावलं.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी ऑफिसात कॉम्प्युटर उघडला, तर फोटो. लाल सिलिंडर, बंद बटण, अंगठा. वेळ त्याच दिवशी सकाळी सात दहा. लोकेशन धायरी.

माझी मुलगी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन केला.

“आई, जुना असेल गं. कधी कधी अपलोड अडकतो, मग उशिरा येतो. चिल.”

“तारीख आजची आहे.”

“तारखा चुकतात.”

मला पटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. तिसऱ्या दिवशीही. फोन तर नानांच्या उशाशी, मांजरीत. त्यातली गॅलरी उघडून पाहिली — एकही नवा फोटो नाही. होते ते फक्त क्लाउडवर. चौथ्या दिवशी मी फोटो मोठा करून नीट पाहिला. सिलिंडरवर खडूने तारीख घातलेली होती, नानांच्याच अक्षरात. आदल्या सोमवारची. म्हणजे सिलिंडर मी जमा केल्यानंतरची.

शनिवारी धायरीला गेले. कुलूप जसंच्या तसं. ओट्याखाली काही नाही — फरशीवर सिलिंडरच्या बुडाचा गंजाचा गोल आणि त्यावर धूळ. त्या धुळीत पावलं उमटली ती माझ्या एकटीची. खोटं कशाला बोलू, मी तिथे पाच मिनिटंसुद्धा थांबले नाही.

एक गोष्ट मात्र तोवर माझ्या लक्षात आली नव्हती. नाना जन्मभर पाचला उठणारे. माझ्याकडे आल्यापासून सव्वासातपर्यंत झोपायचे. मला वाटलं, बरं आहे, आराम मिळतोय. त्या सोमवारी मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं आणि त्यांच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसले. त्यांचा फोन बंद करून माझ्या पर्समध्ये ठेवला होता. सात दहाला माझ्या फोनवर फोटो आला. नाना गाढ झोपेत. उजव्या हाताचा अंगठा तेवढा किंचित हलला... मग दोनेक मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

“बंद केला गं.”

“काय बंद केलं?”

“गॅस. फोटो आला नाही का?”

चहा पिताना मी पुन्हा विचारलं. “मी असं म्हणालो? कान तपासून घे तुझे,” म्हणाले आणि शब्दकोडं सोडवायला बसले. डोकं अगदी शाबूत.

मुलगी म्हणाली, “तो बॅकअपच बंद कर ना. विषय संपला.” दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. संध्याकाळी बंद केला.

दुसऱ्या दिवशी सात दहाला फोटो आला नाही. सव्वासात झाले, साडेसात झाले. नाना झोपेतच हात फिरवायला लागले — कुलपात किल्ली फिरवतात तसा. पुन्हा पुन्हा. कपाळावर घाम. मी हाका मारल्या, खांदे हलवले, जाग नाही. मग डोळे न उघडताच म्हणाले, “किल्ली फिरतेय, पण दार उघडत नाही. काय केलंस तू?”

आवाज रडवेला होता. माझ्या वडिलांना मी रडताना पाहिलेलं नाही, आईच्या वेळीही नाही. मी तिथल्या तिथे त्यांच्या फोनमध्ये बॅकअप चालू केला. माझ्या फोनवर फोटो आला. त्यांचा हात थांबला. मी घाम पुसला, तोवर ते उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला.

त्यानंतर मी त्या सेटिंगला हात लावलेला नाही. मधे स्टोरेज भरलं, तेव्हा माझ्या सहलींचे फोटो उडवले, पण बॅकअप चालू ठेवला. म्हटलं, जातायत तर जाऊ देत घटकाभर स्वतःच्या घरी. इकडे आणताना विचारलं नव्हतं, आता अडवणार कुठल्या तोंडाने?

पण आता वेगळंच सुरू झालंय. फोटो सात दहालाच येतो, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. उठायला मात्र त्यांना वेळ लागतो. आधी साडेसात, मग आठ. गेल्या आठवड्यात नऊ, साडेनऊ. चहा झालेला, गॅस बंद केलेला — मग इतका वेळ तिथे काय करतात? डॉक्टरांनी बीपी, शुगर, सगळं तपासलं. वय आहे, झोपू दे म्हणाले. त्यांना मी अर्धीच हकिगत सांगितली होती.

परवा मी सरळच विचारलं, “नाना, इतका वेळ कुठे होतात?” ते माझ्याकडे जरा परक्यासारखे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “तिकडून निघवत नाही गं.”

बॅकअप बंद केला तर ते दाराबाहेर अडकतात. चालू ठेवला तर... ते वाक्य मला पुरं करायचं नाही.

हे काय आहे, मला माहीत नाही. मुलीने ऑफिसातल्या दोघा जाणकारांना फोटो दाखवले. सर्व्हरचा काहीतरी घोळ आहे, म्हणाले. असेल. पण खडूचं अक्षर सर्व्हरचं नाही.

मला जे करता येतं ते मी करतेय. नानांना घेऊन धायरीला राहायला जायचं ठरवलंय. ऑफिसला तिथून जाईन, दोन तास लागले तर लागले. निदान ते स्वतःच्या पायांनी त्या घरात शिरतील. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “पुन्हा विचार कर, मी घोरतो.” गॅसचं कनेक्शन परत मागितलंय. एजन्सीतला माणूस म्हणाला, आठ दिवस लागतील. मी म्हटलं, जरा लवकर नाही का होणार?

“एवढी काय घाई आहे, मॅडम?”

त्याला काय सांगणार? आज नाना सव्वाअकराला उठले.