चेर्नोबिलचा डबा

गल्फमध्ये मराठी माणूस दोन गोष्टी साठवतो, रिकामे डबे आणि किस्से. बहारीनमधल्या आमच्या शुक्रवारच्या चहाला किस्से निघतात, आणि त्यात बावळट बहुधा मीच!

नव्वदीतली गोष्ट. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटून काही वर्षं झाली होती, पण माझ्या डोक्यात ती रोज फुटायची. तिकडच्या गवतात रेडिएशन, म्हणजे गाईत, म्हणजे बटरमध्ये! मी अकाउंटंट. फिजिक्स बारावीतच सुटलं, तेही काठावर. तरी युरोपातलं काही घरात आणायचं नाही, असा माझा हुकूम.

कोल्ड स्टोअरमधल्या, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या, मल्याळी दुकानदाराला मी दरडावून विचारलं, "ये चीज कहाँ का है?"

तो शांतपणे म्हणाला, "साब, फ्रिज का है."

आमचा जाधव तुबलीच्या वर्कशॉपमध्ये टेक्निशियन. त्याला म्हटलं, "मीटर आण रे, बटर तपासू."

"दादा, माझ्या मीटरला फक्त करंट कळतो. बटरला शॉक बसला असेल तर सांगतो!"

याच जाधवच्या मुलीच्या वाढदिवसाला मी केकचे तीन तुकडे हाणले आणि मग विचारलं, "वहिनी, बटर कुठलं?" वहिनी म्हणाल्या, "युरोपचं." मी हातातली प्लेट खाली ठेवली. बर्थडे गर्लनं डोळे मोठे केले, "अंकल, विल यू ग्लो नाऊ?" सगळे पोट धरून हसले.

मग माझी बायको सुनंदा बाळंत झाली. आईला व्हिसा मिळाला नाही. सुनंदा फार हळवी झाली होती, रोज विचारायची, "आईंचे डिंकाचे लाडू कधी येतील हो?"

एक दिवस रजेवर गावी जाऊन परतलेल्या कलीगनं माझ्या टेबलावर डबा ठेवला आणि तो मीटिंगला पळाला. डब्यावर युरोपातल्या मिल्क पावडरचं चित्र! मी न उघडताच तो कचऱ्यात टाकला आणि घरी येऊन शौर्य सांगितलं.

सुनंदानं विचारलं, "झाकणाला हिरवी चिंधी बांधली होती?"

"होती की!"

"अहो, ती आईंच्या साडीची! पहिल्या रजेत तुम्हीच आईंकडे नेला होता तो डबा, पावडरीचा!"

ती रडायलाच लागली. मी तसाच ऑफिसला धावलो. कचऱ्याची गाडी येऊन गेलेली. खलास! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला, सुनंदानं उचलला. "लाडू मिळाले का गं? कसे झालेत?"

मी रिसीव्हरला कान लावून उभा. सुनंदानं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान झालेत आई. पण ह्यांनी मला एकही ठेवला नाही, सगळे खाल्ले."

"दे त्याला फोन!"

मी घेतला.

"मेल्या, बाळंतीण ती आहे की तू?"